नदीकाठाचा पडदा

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी हाताने काही करत बसलेलं दिसलं की माझे पाय थांबतात. कल्हईवाला असो, छत्र्या दुरुस्त करणारा असो, नाहीतर रस्त्यात खड्डा खणणारा नगरपालिकेचा माणूस असो, मी शेजारी उभी राहून "हे असंच का करता?" असं विचारणारच. आई म्हणायची, "हिला अंत्ययात्रेत नेऊ नका, तिरडीची गाठ कशी मारली ते विचारत बसेल." विचारलं होतं मी ते. एकदाच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बदलापूर गावातल्या एका शाळेत मला चित्रकला शिक्षिकेची नोकरी लागून वर्ष झालं होतं. राहायला मी अंबरनाथ पश्चिमेला, वडील तिथल्या एका कारखान्यात फोरमन. डिप्लोमा ताजा होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई कशी दिसते ते कुणाला बघायचं असतं, तर त्याने तेव्हा मला बघायला हवं होतं. रंगचक्र, छायाप्रकाश, रंगांचा समतोल, सगळं मला तोंडपाठ होतं आणि ते मी समोर येईल त्याला ऐकवत असे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की गावच्या नाट्यमंडळाने पडदा रंगवायला एक पेंटर आणलाय. नाटकाच्या मागे लागतो तो मोठा चित्रांचा पडदा. पेंटर महिनाभर शाळेच्या हॉलमध्येच राहणार, तिथेच रंगवणार. बाकांवर, कपाटांवर लक्ष ठेवायला कुणीतरी अधूनमधून यायला हवं. बाकीचे शिक्षक आपापल्या गावी गेलेले. मी अधूनमधून नाही, रोजच जाऊ लागले. घरी सांगितलं, ड्यूटी आहे.

पेंटर घाटावरचे, साठी ओलांडलेले. पांढरा लेंगा, त्यावर चाळीस वर्षांचे शिंतोडे. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला शाळेतल्या मुलांसारखं बाई म्हणत. फिरत्या नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले होते. कंपन्या एकेक करून बसल्या तसं त्यांचं कामही बसलं. मधल्या काळात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर असलं काहीबाही केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आडपडदा न ठेवता मला सांगितलं, "हा नदीकाठ चांगला झाला तर पुढच्या साली मंडळ जंगल आणि दरबार बी मलाच देणार. आसपासच्या दोन-तीन गावांची माणसं हा बघायला येणारेत. म्हणजे चार वर्षं हितंच भागलं माझं. नाही झाला, तर लेकाच्या दारात बसून बाजा विणायच्या."

वीस फूट रुंद मांजरपाटाचं कापड त्यांनी लाकडी चौकटीवर ताणून भिंतीला उभं केलं होतं. कोपऱ्यात स्टोव्हवर सरस शिजायचा, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा डिंक. त्यात खडूची पूड कालवून आधी कापड पांढरं करायचं, मग भुकटीचे रंग त्याच सरसात मिसळून लावायचे. सरसाचा वास असा की पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावून बसले होते. चौथ्या दिवशी घरी आईने पदर नाकाला लावला.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. काकांनी हॉलचे दोन्ही दरवाजे सताड उघडे ठेवायला लावले. जो येईल त्याने यावं. आणि लोक यायचे! गावातली मुलं तर होतीच, पण नदीवरून धुणं घेऊन परतणाऱ्या बायका, शेजारच्या हेंद्रेपाड्याहून फिरत आलेले पेन्शनर, पहिली पाळी संपवून आलेले कारखान्यातले लोक, सगळे आत डोकावत. काका त्यांना हाकलत नसत. सरस उकळला की का फुकट जातो ते सांगत, ब्रश धरायला देत. "ओला रंग खोटं बोलतो," असं म्हणून शेजारी शेजारी दोन पट्टे मारून दाखवत, एक ओला गडद, एक वाळून फिका पडलेला. बायकांना खालची माती भरायला देत. त्या लाजत लाजत दोन हात मारत आणि जाताना आपण भरलेला तुकडा ओळखीच्यांना दाखवून जात.

आणि प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारत, "ह्या चित्रात किती वाजल्यात?"

लोक आधी हसायचे. मग गंभीर व्हायचे. धुण्याची बादली कमरेवर घेतलेली एक बाई बराच वेळ बघून म्हणाली, "सा. ऊन निंगालंच नाय अजून." कारखान्यातला एकजण म्हणाला, "साडेआठ झाले पेंटर, माझा भोंगा चुकला." काका ऐकून घेत, मान हलवत, मग थोडी पिवडीची पिवळी भुकटी वाढव, थोडी नीळ वाढव असं काहीतरी करत. पडद्यावर सकाळचे सात वाजायला हवे होते, कारण नाटकाचा नायक त्या वेळी घर सोडून नदी ओलांडतो. सहा म्हणणारे आणि आठ म्हणणारे कमी होत होत सगळे सातवर येईपर्यंत काकांचं काम चालू राहायचं.

मी तर भारावून गेले. शिकवण्याची काय ही पद्धत! कॉलेजात चार वर्षं कुणी आम्हाला चित्रात किती वाजलेत हे विचारलं नव्हतं. मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला, जूनमध्ये वर्गात वापरायचा म्हणून.

मग मी एक चांगलं काम करायला गेले. काका जेवायला मंडळाच्या सेक्रेटरींकडे जात. सेक्रेटरी म्हणजे गावातलेच शेतकरी, शिवाय कारखान्यात पाळी करणारे, नाटकाचं भयंकर वेड असलेले. काका तिकडे गेले असताना मी हॉल झाडला. त्यांचे रंग वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यांत होते, एकावर नाव नाही, आणि ठेवलेले तर कसे, नीळ गेरूच्या शेजारी, काजळी पिवडीला लागून. मला ते बघवेना. मी सगळे डबे पुसून रंगचक्राच्या क्रमाने लावले. पिवळा, नारिंगी, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा. इतकं सुंदर दिसत होतं की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

दुपारी काकांनी नदी भरायला घेतली. मी खिडकीशी वाचत बसले होते. तेवढ्यात उल्हासनगरहून कापडवाले शेठ आले. मांजरपाट त्यांच्याच दुकानातलं, आपल्या कापडाचं काय झालं ते बघायला ते कल्याणला जायचं सोडून उलटे बदलापूरला आले होते. दारात उभे राहिले आणि पोट धरून हसायला लागले.

"अरे वा पेंटर! ये तो हमारा उल्हासनगरचा नाला काढला तुम्ही! कल लाल था, आज जांभला. रंगाच्या कारखान्याचं पानी सुटलं की एकदम असाच दिसते!"

मी मान वर केली. नदी जांभळी होती. फिकट वगैरे नाही, चांगली वांग्यासारखी जांभळी, या काठापासून त्या काठापर्यंत.

मुलं खिदळली, काकाही हसले. शेठना म्हणाले, "वरचा हात मारायचाय अजून, खालचा रंग असाच असतो." शेठना पटलं. ते चहा पिऊन, पडद्यावर आठ वाजलेत असं सांगून गेले. पण मी काकांचा हात बघत होते. तो हात डब्यांवरून फिरत होता. एका डब्यात बोट घातलं, भुकटी चिमटीत चोळली, नाकाशी नेली, दुसऱ्या डब्यात घातलं. काजळी मऊ लागते, पिवडी खरखरीत, हे मलाही एव्हाना कळलं होतं. जांभळा आणि निळा मात्र हाताला सारखेच लागतात.

सगळे गेल्यावर ते म्हणाले, "डबे कुणी हलवले?"

"मी, काका. नीट लावले."

"नीटच होते की."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षांपासून निळा आणि जांभळा एकच, पांढरा आणि पिवळा एकच, सगळ्यावर चहा सांडल्यासारखा. रेघ दिसते, आकार दिसतो, हात बसलेला आहे. रंग डब्यांच्या जागेवरून ओळखायचा आणि पडदा लोकांच्या तोंडून बघायचा. ऑपरेशन करायचंय, पण मग डोळ्यांवर पट्टी बांधून दोन-तीन महिने घरी बसायचं, आणि तोवर हे काम दुसऱ्याला गेलं असतं.

"म्हणजे किती वाजले, हे तुम्ही त्यासाठी विचारता?" मी म्हटलं. मला उगाच फसवल्यासारखं वाटलं.

"डोळे धड होते तेव्हा बी विचारायचो," काका म्हणाले. "बघणार ते. मग वेळ बी त्यांनाच विचारायला नको? आता गरज वाढलीय, एवढंच."

हे वाक्य मी ऐकलं, पण ध्यानात घेतलं नाही. मला त्या घडीला एकच दिसत होतं. एवढा मोठा कलावंत, त्याचं गुपित मला एकटीला ठाऊक, आणि माझे डोळे शाबूत. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "काका, आता कुणाला विचारायची गरज नाही. रंग मी सांगते."

त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा सरसाचा वास मला त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दरवाजे लावून घेतले. कुणाला संशय यायला नको, सेक्रेटरींच्या कानावर जायला नको, हे कारण मी स्वतःला दिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. बाहेर लोकांना म्हणायचे, धूळ बसते, रंग वाळतोय, नंतर या. बायका बादल्या घेऊन दारापर्यंत येऊन परत जायच्या. काकांनी दोनतीनदा विचारलं, "माणसं का येईनात?" मी म्हटलं, "लग्नसराई आहे ना काका."

जांभळी नदी आम्ही खडूने झाकली आणि पुन्हा भरायला घेतली. मी शेजारी स्टुलावर बसून सांगायची, ही नीळ, हा सफेदा, आता थोडा हिरवा. काका हात मारायचे आणि विचारायचे, "अजून घालू का नीळ?" मी म्हणायची, "बास काका. पुरे."

आता खरं सांगते. मला त्यांचे रंग भडक वाटायचे. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी केलेलं आकाश बघून माझ्या मनात आलं होतं की हे कॅलेंडरसारखं झालंय. कॉलेजात आम्हाला सौम्य, धूसर, एकमेकांत विरघळणारे रंग आवडायला शिकवलं होतं. आणि आता रंगाचा शब्द माझ्या तोंडात होता. त्यांनी अजून घालू का विचारलं आणि मी पुरे म्हटलं की पडदा माझ्या आवडीकडे एक पाऊल सरकत होता. मी खोटं बोलत नव्हते. निळ्याला निळाच म्हणत होते. फक्त पुरे लवकर म्हणत होते. जुन्या आकाशावरूनही मी त्यांच्याकडून एक पांढुरका हात मारून घेतला.

एकदा ते म्हणाले, "बाई, हे वहीतलं चित्र नव्हं. पन्नास हातांवरून बघायचं असतं, दिव्यात." मी हॉलच्या टोकाला जाऊन बघितलं आणि म्हटलं, छान दिसतंय. "एकदा बल्ब लावून बघू या," ते म्हणाले. बाहेर टळटळीत दुपार होती. बल्ब लावून काय दिसणार, असं मी म्हटलं आणि पिशवी उचलून स्टेशनकडे निघाले.

पडदा पुरा झाला तेव्हा मी सेक्रेटरींना बोलावलं. दुपारच्या उजेडात ते चार हातांवर उभे राहिले आणि खूष झाले. म्हणाले, "लय नाजूक काम." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पडदा खरोखर देखणा झाला होता. धुक्यातली नदी, पलीकडे विरत गेलेले डोंगर. तसं चित्र मला स्वतःला कधीच जमलं नसतं.

मे सरता सरता नाटक झालं. मंडळाने रंगमंचावर पिवळ्या बल्बांची माळ लावली होती, वर दोन मोठे फोकस. पडदा सुटला आणि मी मागच्या रांगेतून बघितलं, तर तिथे काहीच नव्हतं. त्या पिवळ्या उजेडात माझी सगळी हळुवार नीळ मरून गेली होती. नदी नाही, डोंगर नाहीत, मळकट पांढरं कापड. नायक हात पसरून म्हणाला, "ही माझी नदी!" आणि पुढून कुणीतरी ओरडलं, "नदी कुठाय रं? ह्ये तर धुतलेलं धोतार!" सगळं मैदान हसलं. त्यानंतर नायक नदीचं नाव घेईल तेव्हा लोक हसत राहिले. शेजारच्या गावांची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर होती, तीही हसत होती.

काका विंगेत बसले होते. त्यांना पडदा कसा दिसतोय ते कळत नव्हतं, हसणं मात्र ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे गेले नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि सेक्रेटरी तिथे उभे होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा काका पहाटेच निघून गेले होते. डबे हॉलमध्येच राहिले होते. सेक्रेटरी म्हणाले, "म्हातारा झाला पेंटर. हातातनं गेलं त्याच्या." खरं बोलले असते तर काकांच्या डोळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि ते न सांगायचा मी शब्द दिलाय असं मी मनाला बजावलं. असा शब्द माझ्याकडे कुणी मागितलाच नव्हता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी हॉलमध्ये परीक्षेच्या वह्या लावत होते आणि दारात काका उभे राहिले. ऑपरेशन झालं होतं. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा, त्यामागे डोळे मोठे मोठे. ते सेक्रेटरींकडे जाऊन आले होते, जंगल आणि दरबाराचं विचारायला. मंडळाने पडदे कल्याणहून भाड्याने ठरवले होते. मग ते म्हणाले होते, निदान माझा नदीकाठ एकदा बघू द्या, मी तो बघितलाच नाही. गुंडाळी आमच्याच हॉलमध्ये बाकांच्या मागे पडली होती.

आम्ही दोघांनी ती सोडली. काका आधी जवळून बघत राहिले, मग हळूहळू चालत पार दुसऱ्या दारापर्यंत मागे गेले आणि तिथून बघितलं. मी बल्बांचं काहीतरी बोलू लागले. त्यांनी हात वर केला.

"मी विचारायचो, अजून घालू का."

"हो काका."

"तुम्ही पुरे म्हणायचा."

"हो."

"मग हे असं का?"

वर्षभर मी याची उत्तरं तयार केली होती. तोंडातून एवढंच आलं, "मला असा आवडत होता."

ते रागावतील असं मला वाटलं, रागावावेत असंही वाटलं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, चांगलं निरखून, दुसऱ्याचं काम बघावं तसं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "आधी बोलला असता तर कागदावर तुमच्यासाठी एक वेगळा काढून दिला असता, बाई."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, मी आत्ता जाते सेक्रेटरींकडे, सगळं खरं सांगते. काका खाली वाकून पडदा गुंडाळू लागले होते.

"काय सांगणार? बाईंनी आंधळ्याच्या हातून पडदा रंगवून घेतला? तुम्हाला रोज ह्याच गावात यायचंय, पोरं शिकवायचीत. म्हातारा चुकला, एवढ्यावर त्यांचं भागतंय. भागू द्या."

"आणि जंगल? दरबार?"

"बघतो दुसरीकडं," ते म्हणाले. दुसरीकडं म्हणजे लेकाच्या दारात, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांना टांग्यापर्यंत सोडलं. परत आले तेव्हा सेक्रेटरी शाळेच्या फाटकापाशीच कुणाशी तरी बोलत उभे होते. मी त्यांना नमस्कार केला आणि आत गेले.

त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत होते. सेक्रेटरी दर वर्षी बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून यायचे आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. भला माणूस. नाटकाचा विषय निघाला की ते हटकून म्हणायचे, "बाई, तुम्ही महिनाभर राबलात त्याच्यासोबत, पण त्या पेंटरनं फसवलं आपल्याला." आमच्यासमोर चहा आलेला असायचा, मी कप उचलायचे.